मथुराबाईंचा मलमाचा डबा

होटगी गावच्या मथुराबाई पहिल्यांदा शहरातल्या दवाखान्यात शिरल्या तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ डॉ. पूनम यांना वाटलं, होटगी स्टेशनातली गाडी रूळ सोडून थेट आपल्या टेबलावर आली. पुढे इंजिनासारख्या मथुराबाई, मागे पिशव्या आणि शेवटी कोपरं खराखरा खाजवणारी सहा वर्षांची नात, संस्कृती. मथुराबाईंचा आवाज असा, की शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या पेशंटनं म्हणे दचकून तोंडच मिटलं.

संस्कृतीला अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे कातडी कोरडी पडून खाज सुटणारा आजार होता. कोपरांच्या, गुडघ्यांच्या घड्या लालभडक. खाजेनं पोरीला झोप नव्हती. डॉक्टरांनी कातडी मऊ ठेवणाऱ्या मलमाचा मोठा डबा दिला. "अंघोळ झाली की लगेच, अंगभर लावायचं. महिनाभर पुरेल."

डबा आठवड्यात संपला. पोरीचं अंग मात्र तसंच, शिळ्या भाकरीसारखं कोरडं.

"मथुराबाई, लावता ना?"

"लावते की! काशम्माच्या टाचंला, सिद्धाप्पाच्या हाताला... त्याच्या शेळीच्या सडाला बी लई गुण आला बगा."

"अहो, ते औषध आहे! विरजण आहे का, वाटीभर शेजारी द्यायला?"

"दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं, डॉक्टरीणबाई?"

खरंच होतं. त्यांच्या घरची शिडी, छत्री, खलबत्ता यांपैकी काहीच कधी घरी नसे. पुढचे डबेही तसेच गेले. शेवटी डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "काहीही सांगा, पण डबा देऊ नका!"

मथुराबाईंनी काहीही सांगितलं. 'पोरीचं दुखणं चिकटतंय' अशी गल्लीभर दवंडी पिटली. डबा महिनाभर पुरला. संस्कृतीची कातडी मऊ पडली, झोप लागू लागली. पण तपासताना ती हळूच म्हणाली, "माज्याशी कुणीच खेळत न्हाय."

डॉक्टर उखडल्या. रविवारी स्वतः होटगीला गेल्या आणि गल्लीसमोर तिचे हात हातात घेऊन ओरडल्या, "हा आजार चिकटत नाही! कुणालाच नाही!"

पोरांनी लगेच संस्कृतीला लपाछपीला ओढून नेलं. मथुराबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी डबा उघडून बायांच्या घोळक्यात फिरवला.

"मथुराबाई!"

"सगळी पुन्ना दारात आली, डॉक्टरीणबाई. आज न्हाय म्हणू व्हय?"

आता मलम संस्कृतीची आई लावते. डबा कपाटात कुलपात असतो आणि किल्ली मथुराबाईंकडे नसते.