‘अन्य’मध्ये टाकलेलं माहेर

माझं सासर कांदिवलीला आणि माहेर मुलुंडला. नकाशावर बघितलं तर मधे फक्त जंगल आणि डोंगर. प्रत्यक्षात दोन बस, एक रिक्षा, आणि पवईला अडकलात तर दुपारचं जेवण संध्याकाळी. लग्नाला अठरा वर्षं झाली. तेवढीच वर्षं मी प्रत्येक बारशा-साखरपुड्याला एक भाषण ठोकत आले: या शहराच्या वाहतुकीची आखणी करणाऱ्या एकाही बाप्याचं माहेर रेल्वेच्या दुसऱ्या लाइनीवर नव्हतं. सकाळी सगळे दक्षिणेला कामाला जातात आणि संध्याकाळी उत्तरेला परततात, एवढंच त्यांना ठाऊक! नणंदा हसायच्या, नवरा म्हणायचा, "झाली सुरू." मी स्वतः वाहतुकीच्या आखणीतच नोकरी करते, त्यामुळे भाषणाला वजनही यायचं.

काही वर्षांपूर्वी पवईच्या आमच्या ऑफिसला नेपाळच्या सीमेवरचं काम मिळालं. तिथं मालाचे ट्रक कागदपत्रांसाठी दिवसच्या दिवस खोळंबून असत आणि त्यांच्यामागे माणसं. ट्रकसाठी मोठा तळ, नवा रस्ता आणि दोन्हीकडच्या गावांमध्ये थेट बस, असा बेत होता. काम गरजेचं होतं, ते मी आजही म्हणेन. प्रवाशांची पाहणी माझ्याकडे होती.

आठ दिवस मी जुन्या नाक्याशेजारच्या गल्लीत फॉर्म घेऊन उभी होते. त्या गल्लीतून सायकलरिक्षा थेट पलीकडे, नेपाळात जायच्या. कुठून, कुठं, कशासाठी, हे तीन प्रश्न मी विचारायचे. एका दुपारी माझ्याच वयाची एक बाई आली. हातात फडक्यात बांधलेला डबा. तिची हिंदी आणि माझी हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे जमलं.

"कशासाठी जाताय?"

"आईला जेवण द्यायला."

सासर अलीकडे, माहेर पलीकडे. आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ परदेशात कामाला. ही रोज घरचं आटपून डबा घेऊन निघायची. रिक्षानं वीस मिनिटं. "भात गरम पोचतो," ती म्हणाली, जणू सगळ्या प्रवासाचं सार एवढंच. मग तिनं माझं पेन धरलेलं मनगट पकडलं. "ताई, नीट लिहा. रस्ता हवा तेवढा मोठा करा, पण ही गल्ली राहू द्या."

मी फॉर्मच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं. वर तिला म्हणाले, "माझंही माहेर असंच आडबाजूला आहे. मी बघते." हे ‘मी बघते’ मला आता आठवतं तेव्हा कान गरम होतात.

पवईला परतल्यावर फॉर्म कॉम्प्युटरवर चढवताना माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, माहेरी जाणाऱ्या बायका खूप आहेत. वेगळा कोड करू का?"

आमच्याकडे प्रवासाच्या कारणांचे पाच कोड होते: नोकरी, व्यापार, शिक्षण, उपचार आणि अन्य.

"नको गं, आत्ता सगळ्या तक्त्यांची वाट लागेल. ‘अन्य’मध्ये टाक ना."

"पण अन्य खूपच मोठं दिसतंय, मॅडम."

"दिसू दे. अन्य कोण वाचतं?"

मला कुणी दटावलं नव्हतं, वरून दबाव नव्हता. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता आणि मला कंटाळा आला होता, बस. लाजेची गोष्ट पुढेच आहे. त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर दोन्ही देशांतल्या रोटी-बेटीच्या संबंधांवर मी एक झकास परिच्छेद लिहिला होता. साहेबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

नंतर बैठकीत नकाशा उघडला. ट्रकतळाचा एक कोपरा गल्लीवर येत होता. साहेबांनी विचारलं, "ही गल्ली कोण वापरतं?"

फॉर्मच्या मागचं माझंच अक्षर मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी टेबलाकडे बघून म्हणाले, "किरकोळ, सर. अन्य कारणांसाठी."

गल्ली गेली.

गेल्या वर्षी, काम कसं चाललंय ते बघायला मी पुन्हा तिथं गेले. ट्रक भराभर सुटत होते, बसला एसी होता. दुपारपर्यंत मी खरोखर फुशारले होते. मग नव्या रस्त्याच्या वळणावर ती दिसली. तोच डबा, पण पायी. नव्या रस्त्यावर सायकलरिक्षांना बंदी आणि बस मधे कुठं थांबत नाही. तिनं मला लगेच ओळखलं, हसली.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"आहे. आता मी एक दिवसाआड जाते. फार लांब पडतं. मधल्या दिवशी शेजारीण देते काहीतरी. जेवण गार होतं, पण चालतं."

मी त्या डब्याकडे बघितलं. तिला वाटलं, मला वाईट वाटलं. म्हणून तीच माझी समजूत घालायला लागली. "मोठ्या लोकांनी केलंय, ताई. आमचं त्यांना कुठून कळणार? कळलं असतं तर गल्ली ठेवलीच असती."

साकीनाक्याला रिक्षावाल्यांशी हमरीतुमरीवर येणारी बाई मी. माझी जीभ आजवर कधी अडली नव्हती, आणि तेव्हाही अडली नाही.

"हो ना," मी म्हणाले. "त्यांना कळलंच नसेल."

परत आल्यावर मी कांदिवलीला न जाता थेट मुलुंड गाठलं. आईनं पानं घेतली. मी तिला सगळं सांगितलं, फॉर्मपासून वळणापर्यंत. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गं, तू एकटी काय करणार होतीस.

तिनं एवढंच विचारलं, "मग तिला सांगितलंस, की तुला ठाऊक होतं?"

"नाही."

आईनं भात वाढला, त्यावर आमटी घातली. दोन्हीतून वाफ येत होती. आमच्या घरी तीनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय वाढणारा हात मागे जात नाही. त्या दिवशी मी एकदाच ‘पुरे’ म्हणाले, आणि आईनं भांडं खाली ठेवलं.