सोआवेच्या जोडीला काय?

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. चार माणसं नेमानं एकत्र जेवायला लागली की ते आपोआप साठतात! सिंगापूरला आमच्या चोआ चू कांगमधल्या तीन मराठी घरांचे साठले ते एका इटालियन व्हाइट वाइनमुळे. मोबाइलला बटणं होती, तेव्हाची गोष्ट.

वाइनचं नाव सोआवे. तुआसच्या गोदीत मरीन इंजिनिअर असलेल्या आमच्या प्रकाशला एका इटालियन मित्रानं तिची गोडी लावली. हलकी, आंबटसर, शेवटी बदामासारखी किंचित कडवट. मग दर महिन्याला एकाच्या घरी बाटली उघडायची आणि तिच्या जोडीला शोभेल असं जेवण यजमानांनी करायचं, असं ठरलं.

त्याच सुमारास प्रकाशच्या सासूबाई मालवणहून राहायला आल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी मासे सोडले होते, स्वयंपाकही सोडला होता. कुणाच्याही घरी जमलो तरी त्या आतल्या खोलीत दहीभात खाऊन बसायच्या. "आई एकदा बाहेर येऊन आपल्यात जेवली ना, मला दुसरं काही नको," त्यांची मुलगी वासंती म्हणायची. आम्हालाही तेच वाटायचं.

* * *

पहिला मान आमचा. मी हट्टानं ठेचा-भाकरी ठेवली. दोन घासांत प्रकाश लालबुंद!

"सोआवे कशी लागतेय?" मी विचारलं.

"कधी आली होती?" तो डोळे पुसत म्हणाला.

* * *

पुढच्या महिन्यात बँकेतले आपटे. बेत अळूवडी आणि वरणभाताचा. आपटे पानावर बसले, डोळे मिटले आणि सवयीनं ताटाभोवती पाणी फिरवलं. हातात ग्लास मात्र सोआवेचा!

"अहो, देव काय म्हणतील!" आपटेवहिनी ओरडल्या.

"काही म्हणत नाहीत. त्यांनाही रोज पाणीच मिळतं!"

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. वासंतीनं माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. आई कित्येक महिन्यांनी हसल्या होत्या.

* * *

एकदा माझ्या बायकोनं, शरयूनं, दिवसभर खपून भरली वांगी केली. मी आपला घरी येताना तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधून आलं घालून वाफवलेला मासा उचलला. सगळ्यांनी सोआवेबरोबर तो मासाच संपवला. वांगी तशीच.

"पुढच्या वेळी त्या स्टॉलवाल्या आंटीशीच संसार करा!" शरयू म्हणाली. मी आठवडाभर वांगी खाल्ली.

* * *

मग पुन्हा प्रकाशची पाळी आली. त्यानं पापलेट आणलं आणि स्वतःच तळायला घेतलं. दर मिनिटाला तुकडा उलटत होता. आम्ही सल्ले देत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

"प्रकाशराव, त्याला जरा निजू द्या की!"

आईंनी पदर खोचला, त्याच्या हातातला कालथा काढून घेतला. बाटली नाकाशी नेली. "हिला तिखट सोसायचं नाही," म्हणाल्या आणि पुढच्या तुकड्यांना नुसती हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवलं. वास सगळ्या कॉरिडॉरमध्ये गेला. असं पापलेट मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि सोआवेही तशी पुन्हा कधी लागली नाही.

सगळ्यांना वाढून झाल्यावर आई वासंतीशेजारी बसल्या. ताटात दहीभात घेतला. मग थोडं थांबून, शेवटचा तुकडा उचलून शेजारी ठेवला आणि सावकाश मोडून घास तोंडात घातला.

प्रकाशचा ग्लास हातातच राहिला. वासंतीचे डोळे वाहत होते, आणि ती ते पुसतही नव्हती.

आईंनी मान वर केली.

"माझ्या ताटात काय बघताय? आपापले काटे सांभाळा!"