नावेवरचं उष्टं

आधीच सांगते — मी देवाला हात जोडते तेवढेच. बाकी भुतंखेतं, संचार, साक्षात्कार यातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्यात नर्मदेचे अनुभव तर मला अगदी नकोसे झालेत. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत दर दुसऱ्या घरात कुणीतरी परिक्रमा करून आलेलं असतं, आणि प्रत्येकाला वाट चुकल्यावर एक छोटी मुलगी भेटलेली असते. ती गोड हसते, वाट दाखवते, भाकरी देते आणि दिसेनाशी होते. तीच मैया. ऐकून ऐकून कान किटले माझे. मला जे दिसलं त्यात गोड काही नव्हतं. इतकं किळसवाणं होतं ते, की हे लिहितानासुद्धा मी मधेच उठून हात धुऊन आले.

मी पोलोग्राउंडला एका छोट्या औषध कारखान्यात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. म्हणजे जंतू मोजते. टेबल, नळ, माणसांचे हात — सगळीकडून स्वॅब घ्यायचा, प्लेटवर फिरवायचा, उबेत ठेवायचा आणि नंतर काय काय उगवलंय ते बघायचं. हे काम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ताटातलं खाणं जमत नाही. लग्नात नवऱ्याला घास भरवायचा असतो ना, तो मी चमच्याने भरवला होता. सासरी अजून त्यावरून चिडवतात. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून स्कूटर काढताना खालच्या गटार झालेल्या नदीच्या वासाने मी श्वास रोखून धरते, ते आता सवयीचं झालंय.

माझी मुलगी सई नऊ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला कावीळ झाली. कावीळ बरी झाली, पण तिचं जेवण जे तुटलं ते तुटलंच. घास तोंडाशी नेला की उमासे यायचे. वरण-भात असो, पोहे असोत, आईस्क्रीम असो... सगळ्याचा वास घ्यायची, चमचा उलटसुलट करून बघायची आणि ताट सरकवायची. रिपोर्ट सगळे नॉर्मल. काउन्सेलिंग झालं, रागावून झालं, लाडीगोडी झाली. पोरीची हाडं दिसायला लागली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. त्या रात्री मंदार — माझा नवरा — एवढंच म्हणाला, "तुझीच किळस उतरलीय तिच्यात." मलाही तेच वाटत होतं.

अशात माझ्या धाकट्या दिरांनी, सुहासभाऊजींनी, नर्मदेवरची एक नाव बुक केली. "वहिनी, दवाखान्याच्या आधी पोरीला थोडा चेंज द्या. एकदम फर्स्टक्लास चीज आहे. शिडाची नाव, मोटर-बिटर काही नाही. आराम से मैया के ऊपर!" महेश्वरच्या घाटावरून निघायचं, वाऱ्याच्या मर्जीने मंडलेश्वरच्या दिशेने जायचं, रात्री काठाला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. एवढं अंतर तर माणूस पायी याहून लवकर जाईल. पण हा हळूपणाच म्हणे विकत घ्यायचा असतो.

आणि काय ती नाव! जुन्या धर्तीची, लाकडी, छोटीशी. तिच्यावर मेण लावून चकाकवलेली डोलकाठी, पितळी कंदील, पांढऱ्या गाद्या, लोड आणि मोगऱ्याच्या माळा. होस्ट म्हणून एक लिनन कुडत्यातला मुलगा होता, तो प्रत्येक वाक्य "क्युरेटेड" या शब्दाने सुरू करायचा. चढल्या चढल्या त्याने गुलाबपाण्यात बुडवलेले ओले टॉवेल हातात दिले. कोमट आणि बुळबुळीत. माझ्या डोळ्यांसमोर सरळ जंतू उगवलेली प्लेट आली. मी तो दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि सईनेही अगदी तसाच ठेवला. मंदार माझ्याकडे बघत होता.

सकाळी पश्चिमेचा वारा होता, शीड फुगलं आणि नाव खरंच छान चालली, ते नाकारत नाही. पण दुपार झाली तसा वारा पडला. शीड धुतलेल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. सुकाणूवरचे बाबूलालदादा म्हणाले, "अब हवा आएगी तब चलेंगे, मैडम," आणि त्यांनी पात्राच्या मधोमध नांगर टाकला. दोन्ही काठ लांब, आजूबाजूला एकही होडी नाही, भर दुपारचं ऊन आणि खाली हिरवट, संथ पाणी.

मग जेवण आलं. डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, आमच्याकडचे दाल-बाफले, पण डिकन्स्ट्रक्टेड. म्हणजे मोठ्या काळ्या ताटलीत बाफल्याचा चुरा, कडेने बोटाने फासल्यासारखी डाळ आणि वर एक फूल. तुपाचं तळं वेगळ्या वाटीत. मला ते कुणीतरी जेवून टाकलेलं ताट वाटलं. सईने एक घास घेतला, चावला, डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं ताटलीतच थुंकलं. लाळ, चुरा, डाळ. मी ताटली उचलायला गेले तर ती म्हणाली, "रहने दे ना आई... मी थोड्या वेळाने ट्राय करते." रडवेली झाली होती. नळीचं तिला माहीत होतं. मी ताटली तशीच ठेवली आणि तिचा फ्रॉक पुसायला कपडा आणायला खाली केबिनमध्ये गेले.

मंदार गादीवर घोरत होता. होस्ट आणि स्वयंपाकी मागच्या बाजूला आडवे झाले होते, बाबूलालदादा तोंडावर गमछा घेऊन झोपले होते. मी केबिनमध्ये कपडा ओला करत असताना वरून आवाज आला — मचमच, चपचप, तोंड उघडं ठेवून खाण्याचा. तो आवाज मला जगात सर्वांत जास्त सहन होत नाही.

वर आले तर सईसमोर एक म्हातारी बसलेली.

ओली. म्हणजे भिजलेली नव्हे, तर आतून ओली असावी तशी... पाणी तिच्यातून झिरपत होतं. अंगावर रंग न कळणारं लुगडं, केसांत शेवाळ, नखांत काळा गाळ. खालचा ओठ लोंबलेला, त्यावरून लाळ हनुवटीवर. आणि ती सईच्या ताटलीतलं खात होती. सईने थुंकलेलं. बोटांनी गोळा करून, चाटून, मनगटापर्यंत जीभ फिरवून. वास आला, तो कृष्णपुऱ्याच्या पुलावर येतो तसला नव्हता, तर तळ ढवळल्यावर येतो तो, चिखलाचा आणि माशांचा.

मी ओरडणार, तेवढ्यात त्या बाईने बाफल्याचा एक घास तोंडात घातला, दातच नव्हते, हिरड्यांनी चघळला, बोटं घालून बाहेर काढला... आणि सईच्या तोंडापुढे धरला.

सईने तोंड उघडलं. खाल्ला. गिळला.

मी कठड्यावरून वाकून भडाभडा ओकले. पोटात जे होतं ते सगळं नर्मदेत गेलं. मान वर केली तेव्हा सई एकटी होती, मांडी घालून, बोटाने ताटली पुसत. "आई, अजून आहे का?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मी ऐकला नव्हता.

त्यानंतर मी जो आरडाओरडा केला त्याने सगळे उठले. होस्ट म्हणाला, "मैम, बोट पर तो बस हम ही लोग हैं." काठ एवढा लांब, कुणी पोहत आलं तर दिसलं असतं, नाव हलली असती. बाबूलालदादांना विचारलं तर ते डोळे चोळत म्हणाले, "मैं तो सो रहा था, मैडम," आणि खरंच त्यांना काही माहीत नव्हतं. फळ्या ओल्या होत्या, त्यावर मंदार म्हणाला की बादली सांडली असेल. होस्टने मला कॉम्प्लिमेंटरी फूट मसाज देऊ केला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सईला जवळ घेऊन विचारलं, "कोण होतं गं?"

"एक आजी होती. बोलली, पहले मैं जूठा कर देती हूँ, फिर तेरे को घिन नहीं आएगी."

"आणि तू खाल्लंस? तिच्या तोंडातलं?"

"हो. घाण नाही वाटली."

स्वयंपाक्याकडून तिने आणखी बाफले मागवले, फूल बाजूला काढून. मंदार तिच्याकडे बघत बसला आणि मग पाठ फिरवून डोळे पुसायला लागला. त्याला ती बाई खरी होती की नाही याच्याशी घेणं उरलं नव्हतं. माझं तसं नव्हतं. मी ती ताटली स्वच्छ पिशवीत घालून घरी आणली. पोरीला काय काय झालं असेल या भीतीने मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्वॅब घेतला, प्लेटवर फिरवला, उबेत ठेवला.

काहीच उगवलं नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. थुंकी, लाळ, उष्टं अन्न, नदीचं पाणी, माझे स्वतःचे हात — आणि प्लेट कोरी. पुन्हा केलं, पुन्हा कोरी. घासून धुतलेल्या ताटलीवरसुद्धा काहीतरी निघतंच. आमच्या निर्जंतुक खोलीतल्या टेबलावरही क्वचित जंतूंचा एखादा ठिपका, एखादी कॉलनी येते.

सासूबाईंना मी बाईचं सांगणार नव्हते, पण सईनेच सांगितलं. त्या भाजी निवडता निवडता अगदी सहज म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं परत उष्टावण झालं म्हण." मी ताडकन उठून आत गेले. उष्टावण म्हणजे तान्ह्या बाळाला मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर चाटवतात ते. त्या शब्दातलं उष्टं मला तोवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

नळी घालावी लागली नाही. सई जेवते. पण एक अट आहे... तिचं ताट आधी कुणीतरी उष्टं करावं लागतं. नाहीतर घास जात नाही, पुन्हा उमासे. ताट माझ्यापुढे सरकवते आणि म्हणते, "आई, तू पहले जूठा कर." सासूबाई आणि मंदार आनंदाने करतात, मला नाही जमत. मी त्यांच्यावरच सोडलं होतं.

गेल्या महिन्यात एके संध्याकाळी मला कामावरून राऊला घरी पोचायला उशीर झाला. मंदार बाहेरगावी, सासूबाई देवळात कीर्तनाला गेलेल्या. सई घरात एकटी, पोळी-भाजी झाकून ठेवलेली. दार उघडलं तर ती टीव्हीसमोर बसली होती, रिकामं ताट बाजूला.

"जेवलीस? कुणी उष्टं केलं?"

"आजीने."

"आजी तर देवळात आहे."

"ही नाही. ती."

जेवणाच्या टेबलाखाली फरशी ओली होती. तोच वास. माझी बॅग खांद्यालाच होती, बॅगेत स्वॅबची पाकिटं होती. मी ती काढली नाहीत. फडकं आणलं, गुडघ्यावर बसले आणि ते सगळं हाताने पुसून काढलं. पुसताना ओकारी येत होती आणि मी रडतही होते, कारण त्या बाईने माझ्या पोरीला उपाशी ठेवलं नव्हतं.

ती कोण, काय, कशी आली, मला सांगता येणार नाही. मैया वगैरे म्हणणारे म्हणोत, मला ते पटत नाही. पण त्या दिवसापासून मी कारखान्यातून वेळेवर निघते. घरी आले की हात धुते, सईच्या ताटातला पहिला घास तोडते, चावते, तोंडातून काढते आणि तिला भरवते. अजूनही किळस येते. रोज येते. पण तो घास माझ्या तोंडातलाच असला पाहिजे.