मागच्या ब्रेकची हवा

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. आयुष्य लॉरीखाली दुरुस्त्या करण्यात गेलं, विश्वास फक्त पान्यावर. तरी हे लिहितोय...

दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधीची गोष्ट. रामनगरच्या एका लाकूड व्यापाऱ्याने लांब ओंडके मावावेत म्हणून लॉरीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, वाढवून घेतली. मागची चाकं लांब गेली, ब्रेकची नळीही जोड देऊन लांबवली — आणि तिथेच घोळ झाला. नळीत हवा राहायची, पेडल दाबलं की थेट फळीला टेकायचं. अणशी घाटाच्या तोंडाशी भर दुपारी माझी तीच खटपट चालली होती. लॉरीत ओंडके, पुढे घाटाखालच्या कद्र्यापर्यंत नुसता उतार.

ड्रायव्हर भरमा. बायको गुंद गावात, दिवस भरत आलेले; त्याला माल पोचवून लवकर परतायची घाई.

"लॉरी राहू दे इथंच," मी म्हणालो.

"न्हाई मेस्त्री. हवा न्हाई निघाली तर हँडब्रेकवर उतरवतो."

त्या ओझ्याला हँडब्रेक काय पुरणार! पण ऐकेल तर शपथ.

हवा काढायला दोघं लागतात. वरच्याने पेडल दाबून 'धरलंय' म्हणायचं, मग खालच्याने चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, ढिला करायचा. आधी दोनदा नुसतं तेल आलं होतं, हवा आतच अडकलेली. मी पुन्हा खाली शिरलो. "दाब."

"धरलंय."

आवाज भरमाचाच वाटला. निपल सोडला आणि फसफसत हवा आली, बराच वेळ. असं करत करत शेवटी स्वच्छ तेल आलं. निपल आवळून खुशीत बाहेर आलो, तर सीट रिकामी.

भरमा वळणापलीकडच्या झाडीतून येत होता. मी हाका मारल्या, उत्तर नाही. त्याने लॉरीला हात लावला, मगच तोंड उघडलं.

"घाटाच्या राखणदार देवाला पान ठिवाया गेलतो. जाता-येता बोलायचं नसतंय."

"सांगून जायचंस की!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिला असतासा व्हय?"

नसतं जाऊ दिलं. पेडल दाबून बघितलं, दगडासारखं घट्ट. भीती वाटली, सरळ सांगतो. पण त्याला एकटा सोडवेना, शेजारी बसलो. कद्र्यापर्यंत प्रत्येक वळणावर ब्रेक लागला. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली.

लोक म्हणतात, भास झाला असेल. असेल बुवा. मग पेडल कुणी दाबलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

तेव्हापासून 'धरलंय' ऐकू आलं की आधी बाहेर येऊन सीटवर कोण आहे ते बघतो, मगच निपल सोडतो. गॅरेजमधली माणसं हसतात. त्या दुपारी असंच बघितलं असतं, तर मी निपलला हात लावला नसता... आणि भरमा हँडब्रेकवर उतरला असता.