समुद्राची बाटली
सकाळी देवघर पुसताना गंगेच्या पाण्याची बाटली हाती आली. झाकणाचं सील अजून तसंच आहे, आणि मला मुरुडचा तो दिवस आठवला. बहिणीचं घर तिथे समुद्राला लागूनच. आम्ही पारोळ्याहून पोचलो तेव्हा काय काय पाहायचं ते तिनं कागदावर लिहूनच ठेवलं होतं, होडीतून किल्ला, घोडागाडी, शहाळं, सूर्यास्त. आई मात्र वाळूत बसून राहिली. "तुम्ही जाई या, मी आठेच बरी शे," म्हणाली. तिनं पाय भिजवले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत. निघताना फक्त एक रिकामी बाटली माझ्याकडून भरून घेतली. "शेजारनीसले समुद्र दाखाडसू." सगळ्यांना दाखवून झाल्यावर ती बाटली देवघरात गंगेच्या बाटलीशेजारी बसली. पुढच्या वर्षी आईला घरघर लागली. शेजारीण म्हणाली, "गंगानं पानी आन भो, लवकर." हाताला लागली ती बाटली मी उघडली आणि आईच्या तोंडात चमचाभर पाणी सोडलं. तिचं तोंड वाकडं झालं. "खारं लागस," म्हणाली. त्यानंतर ती काहीच बोलली नाही. बहीण अजून फोनवर विचारते, आई शेवटी काय म्हणाली? मी सांगतो, देवाचं नाव घेतलं. गंगेची बाटली पुसून मी परत जागेवर ठेवली.