सुपरवायझरच्या समोरची जागा

लाँड्रीत दोघी बहिणी कामाला होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचे. थोरली वाफेच्या प्रेसवर चादरींना इस्त्री करायची. प्रेसचा व्हॉल्व्ह गळतोय, हे तिने सुपरवायझरला तीनदा सांगितलं होतं. शेवटी तो उडालाच. भाजलेली थोरली अठरा दिवस तळमळली आणि गेली. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, "बाईंचंच लक्ष नव्हतं."

मेलेल्या माणसावर खापर फोडून हा दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, हे कळलं तशी धाकटी तिथल्या गायनमंडळात जाऊन उभी राहिली.

"देवावर विश्वास आहे?" मंडळ चालवणाऱ्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही. आवाज आहे."

बाईंना खालच्या पट्टीत गाणारं कुणीतरी हवंच होतं.

तिने सुपरवायझरच्या बरोबर समोरची जागा धरली. नुसतं टक लावून त्याच्याकडे बघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं टाळ्यांवरचं भक्तिगीत, सुरू झालं. एकीने ओळ टाकली, बाकीच्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर ती उचलली आणि धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. गाणं पिचलेल्या माणसांचं होतं: 'दार कुणी लावलं, सांग. आत कोण होतं, सांग.' त्यातल्या देवाशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण बाकीचं तिचंच बोलणं होतं. इतके दिवस अडकलेलं रडू घशातून मोकळं झालं. राग काही ओसरला नाही, उलट त्याला सूर मिळाला.

सुपरवायझर आधी तिसऱ्या बाकावर सरकला, मग खांबाआड. धाकटीने बाईंकडून 'दार कुणी लावलं' ही ओळ एकटीने म्हणायला मागून घेतली. पाचव्या महिन्यात एका रविवारी तो मध्येच उठला.

"व्हॉल्व्हचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिने सांगितलं होतं."

धाकटीने कडवं पूर्ण केलं, मगच ती थांबली. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या दोघींना साक्षीला घेऊन तिने लाँड्रीचं ऑफिस गाठलं. चौकशी पुन्हा उघडली. थोरलीवरचा ठपका पुसला गेला, त्याची नोकरी गेली.

"आता तरी माफ कर त्याला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"ते तुमच्या देवाने बघावं. माझी त्याची ओळख नाही."

"मग अजून येतेस कशाला?"

"ताईच्या नावाने एवढ्या मोठ्याने ओरडू देतात कुठे दुसरीकडे?"

पुढे सुपरवायझर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. तो तिथे कुठल्या चर्चमध्ये जातो आणि तिथल्या मंडळात खालच्या पट्टीत गाणारं कुणी हवंय का, याची धाकटीने आठवड्याभरात चौकशी केली.