अंगे नामगेच्या तोंडचा घास

आजी म्हणजे अंगे, आणि नामगे सगळ्या खोऱ्याचीच अंगे. कुणाचं पोर जेवताना छळायला लागलं की आई ते तिच्या मांडीवर आणून टाकायची. अंगे लाल भात लोण्याच्या चहात कालवायची, चावून मऊ करायची आणि तोंडाला तोंड लावून पोराला भरवायची. पोर मुकाट गिळायचं. मग मिजास बघावी बाईची! "सत्तरी आली, पण एक दिवस पोट दुखलं नाही माझं." दुर्दैवाने ते खरं होतं.

तिची लेक त्सोमो गेल्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. आजार पार पसरेपर्यंत तिचंही काही दुखलं नव्हतं.

यंदा दवाखान्यातला आरोग्यसेवक ग्येम्बो गावात पोटातला जंतू शोधायची श्वासाची तपासणी करायला आला. अंगेने पिशवीत फुंकर मारली.

"अंगे, तुमच्या पोटात जंतू आहे."

"मग दुखत कसं नाही रे?"

"तिथंच तर गोम आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार. पण हा लबाड त्यांनाच चुचकारतो. त्यांच्यातल्याच काही जणी मग बाकीच्यांना गप्प बसवतात. जंतू मरत नाही, आणि आतलं अस्तर वर्षानुवर्षं धुमसत राहतं. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला मात्र..." त्सोमोच्या फोटोकडे लक्ष गेलं तसा तो थांबला.

"येतो कुठून मेला?"

"बहुतेक लहानपणीच. घरच्यांच्या तोंडून."

त्सोमोला अंगेने दोन वर्षं तसंच भरवलं होतं.

तिने गोळ्या सुरू केल्या आणि तोंडचा घास बंद केला. निदान नातू तरी वाचला पाहिजे. पण अकरा महिन्यांचा जाम्यांग चमचा थुंकायचा आणि तिच्या तोंडाकडे बघून टाहो फोडायचा. अंगे गोठ्यात जाऊन बसायची. जीव नुसता तुटायचा तिचा.

तिसऱ्या दिवशी रडणं एकदम थांबलं. शिकला वाटतं, म्हणून ती हरखून स्वयंपाकघरात आली. सून देकी आपल्या पोराच्या तोंडाला तोंड लावून बसली होती.

"अगं बाई, काय करतेस हे! तू तपासून घेतलंस का?"

"मी कशाला, अमा?" देकी ओठ पुसत हसली. "माझं कुठं काही दुखतंय?"

देकी याच खोऱ्यातली. वर्षाची असताना तीही जेवायची नाही, म्हणून तिच्या आईने तिला अंगेच्याच मांडीवर आणून टाकलं होतं.